ओल्या फरशीचा फोटो

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. माझा डावा गुडघा मात्र या 'सगळ्यात' धरू नकोस, तो आपल्या मनाचा राजा आहे. तुझ्या सुनेनं विणून पाठवलेली टोपी आमच्या घड्याळजींनी डोक्यावर चढवली आहे, ती फक्त अंघोळीपुरती उतरते. घड्याळांचं दुकान मुलाच्या हवाली करून चार वर्षं झाली, तरी अजून समोरच्याच्या मनगटाकडे आधी बघतात आणि तोंडाकडे नंतर. नातवाचे पुढचे दात आले का? त्याचा बोळका फोटो मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलाय.

आता बातमी. आपल्या स्टेशनात जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरलंय. पार्सल ऑफिस आता तिथे नाही, दुसरीकडे हलवलंय. ती लांबडी खोली रंगवून घेतली आणि भिंतींवर दीडशे-एक फोटो लावले. इंजिनियरच्या ऑफिसातल्या माळ्यावर निगेटिव्हच्या पेट्या सापडल्या म्हणे. रेल्वेचा एक पगारी फोटोग्राफर असायचा. कुठे छप्पर बदललं, कुठे नवीन खांब उभा केला, की त्यानं जाऊन फोटो काढायचा आणि फाइलला लावायचा. त्या बिचाऱ्याला खांब हवा होता, माणसं आपली मध्ये आली. आणि आता खांबाकडे कुणी ढुंकून बघत नाही, सगळे माणसंच बघतात.

ताई, काय काय आहे म्हणून सांगू! तिकिटांची रांग आहे, आणि रांगेत एक माणूस उभ्याउभ्या झोपलाय. वजनाच्या काट्याच्या आरशात बघून एक बाई केस नीट करतेय आणि तिच्यामागे काट्यावर चढायला पाच जण खोळंबलेत. हमाल हातगाडीच्या कडेवर ओळीनं बसून जेवतायत, एकाचा घास अर्धाच वर गेलाय आणि तो कॅमेऱ्याकडे असा बघतोय की जणू चोरी पकडली. स्टेशनसमोरच्या रस्त्याचे तर वीसेक फोटो असतील. त्यातल्या एकात तुमचा शिवणकारखाना आहे! तिसरा मजला, कोपऱ्यातली खिडकी उघडी. मी नाक लावून बघितलं, पण आत नुसता काळोख. तरी मी घड्याळजींना म्हटलं, "त्या काळोखात माझी ताई काजं करत बसलीय." ते म्हणाले, "असेल. पण हॉलमधलं घड्याळ या फोटोत चार मिनिटं मागे आहे." प्रत्येक फोटोत त्यांनी तेवढंच बघितलं.

प्रत्येक फोटोखाली एक कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल आहे. ज्याला ओळख पटेल त्यानं लिहायचं. हे सगळं एक मुलगी सांभाळते, संग्रहालयातली, विशीपंचविशीची, चुणचुणीत. ती सगळ्यांना सांगत असते, "महिनाअखेरपर्यंत लिहा हं आजी. नंतर हे कागद दप्तरात जातील. ज्याची ओळख लागली नाही, त्याच्यापुढे 'अनोळखी' लिहिलं जाईल, आणि मग ते तसंच राहील." हमालांच्या फोटोखाली तर लिहायला जागा उरली नाही. कुणाचे आजोबा, कुणाचे काका. कुणीतरी एकाच्या नावापुढे 'उधळ्या होता' असंही लिहिलंय.

आई आहे एका फोटोत. कामावरचा कोट, छातीवर बिल्ला, हातात बादली. बाजूनं दिसते, पण तीच. रोज ज्या हॉलला पोछा मारायची, तिथलाच फोटो. छान आलीय. बाकी त्या फोटोत विशेष काही नाही.

लिहू की नको असं करत होते, पण पार्सलरावही भेटले. दचकू नकोस. आपण ठेवलेलं नाव मी त्यांच्या तोंडावर घेतलं नाही. कानाला यंत्र, हातात हे एवढं मोठं भिंग. आपल्याच जुन्या ऑफिसात पाहुणा म्हणून यावं लागलं म्हणून स्वतःवरच हसत होते. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दोन्ही मुलं परगावी. तुझी चौकशी केली. भावोजी गेल्याचं त्यांना माहीत होतं. "ताई बऱ्या आहेत ना?" एवढंच, दोनदा विचारलं. मग मला म्हणाले, "तुमचं अक्षर अजून तसंच सुरेख आहे का हो?" मी म्हटलं, बत्तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर लिहून लिहून पार बिघडलं. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि आम्ही हवापाण्याचं बोललो.

तू लगेच निघायची तयारी करशील, मला माहीत आहे. पण एवढ्यात येऊ नकोस. गर्दी फार असते, बसायला एकच बाक, आणि गाडीत तुझी कंबर धरेल. मी बघून सगळं तुला लिहितेच आहे.

नातवाला पापा. सुनेला टोपीबद्दल शाबासकी.

तुझी
भिंगरी

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण माझी झोप उडवायला पुरेशा. "आईचा फोटो सापडला आणि त्यात विशेष काही नाही? गर्दी आहे म्हणून मला येऊ नको म्हणतेस? चौसष्ट वर्षांची झालीस तरी खोटं बोलताना तू जास्त बडबडतेस. नीट सांग." कार्ड घड्याळजींनी आधी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवून गुपचूप फिरायला निघून गेले. त्यांना मी त्याआधी दोन दिवस सगळं सांगितलं होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्यांचं आहे त्यांना सांग."

म्हणून सांगते. मध्ये थांबू नकोस, एका दमात वाच.

आईचा तो फोटो कुठे कोपऱ्यात नाही. दारातच आहे, दाराएवढाच मोठा. खाली 'स्टेशनची सकाळ' असं छापलंय. तेव्हा हॉलला नवी फरशी बसवली होती, आठवतं? फोटोग्राफर त्या फरशीचा फोटो काढायला आला होता. फरशी ओली आहे, लखलखतेय. त्यावरून कॉलेजच्या चार मुली चालल्यात, छातीशी वह्या धरून. तिघी हसतायत. आई एका बाजूला वाकून बादली जवळ ओढून घेतेय, त्यांना वाट मिळावी म्हणून. चौथी मुलगी सगळ्यांत उंच आहे, आणि तिनं तोंड पलीकडे, भिंतीकडे फिरवलंय. भिंतीवर काहीही नाही.

तिच्या अंगात तू विणलेला स्वेटर आहे, ताई. फोटोत रंग नाही, पण गळ्याशी तू चुकून दोन टाके जास्त घेतले होतेस, ते दिसतात.

मी मैत्रिणींना सांगितलं होतं की माझी आई स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसते. का सांगितलं? त्यांच्या आया घरी होत्या, नाहीतर ऑफिसात. एकदा बोलून गेले आणि मग ते निस्तरत बसले. तोपर्यंत मी त्यांना त्या हॉलमधून कधी जाऊच दिलं नव्हतं, काहीतरी निमित्त काढून मागच्या जिन्यानं न्यायची. त्या दिवशी एकीला गाडीत बसवून द्यायचं होतं, उशीर झाला होता, आणि आम्ही सरळ हॉलमध्ये शिरलो. मधोमध आल्यावर एक जण म्हणाली, "अगं, तुझी आई इथेच ना? चल ना, भेटूया की."

आई आमच्यापासून चार हातांवर होती. मी म्हटलं, "आज तिची सुट्टी आहे."

मोठ्यानं म्हटलं, कारण हॉलमध्ये आवाज फार असतो.

आईनं बादली ओढून घेतली. वर बघितलं, आम्हा सगळ्यांकडे मिळून, आणि म्हणाली, "जपून जा हं मुलींनो, फरशी ओली आहे." जशी कुणाही मुलींना म्हणाली असती तशी. माझी मैत्रीण तिला "थँक्यू मावशी" म्हणाली. मी तेही म्हटलं नाही.

संध्याकाळी आई आली, हातपाय धुतले, जेवायला वाढलं. तू त्या दिवशी ओव्हरटाइमला होतीस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई माझ्यापुढे एक कोरा कागद ठेवून म्हणाली, "एक अर्ज लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे."

ताई, तो अर्ज मी लिहिला. 'मला हॉलच्या सफाईऐवजी यार्डात गाड्या धुण्याचं काम द्यावं ही विनंती.' मी विचारलं, कारण काय लिहू? ती म्हणाली, "लिही, हॉलमध्ये गर्दीचा त्रास होतो." मी तसंच लिहिलं, झोकदार अक्षरात, समास सोडून. खाली तिनं आपली वेडीवाकडी सही केली. "ताईला सांगू नकोस," म्हणाली, "ती उगाच चिडेल." यार्डात उघड्यावर काम, हिवाळ्यात पाइपचं पाणी, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी मला काय वाटलं ते तुला सांगायला हवं. मला हायसं वाटलं. आता हॉलमधून बिनधास्त जाता येईल, असं वाटलं.

अकरा वर्षं ती यार्डात होती. तिची बोटं कशी वळली ते तू बघितलंस, शेवटी तूच तिला भरवलंस.

आणि तू सफाईकामाच्या मुकादमांना जबाबदार धरलंस. कशी धरणार नाहीस? अर्जाचं तुला माहीतच नव्हतं. भर प्लॅटफॉर्मवर, सगळ्या हमालांपुढे तू त्यांना बोललीस तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. "एका विधवा बाईला थंडीत पाण्यात उभं करता, लाज वाटत नाही?" माझ्या तोंडाशी आलं होतं की ताई, यांनी नाही, तिनं स्वतः मागून घेतलंय. पण मग "का मागून घेतलं?" हा प्रश्न आला असता. म्हणून मी गप्प. ते म्हातारे गृहस्थ टोपी हातात घेऊन ऐकत राहिले. पार्सलराव त्यांचे सख्खे भाचे. तुमचं ठरल्यातच जमा होतं, पार्सलरावांच्या आईनं तर बांगड्यांसाठी तुझ्या हाताचं मापसुद्धा नेलं होतं. त्या आठवड्यात तू निरोप पाठवलास, ज्याच्या मामानं माझ्या आईला असं वागवलं त्याच्या घरात मी पाय ठेवणार नाही. तेव्हाही मी गप्प. तुझा निरोप घेऊन गेले तीही मीच.

परवा पार्सलरावांना मी गाठलं आणि सरळ विचारलं की अक्षराचं का काढलंत. त्यांनी मला बाकावर बसवलं. म्हणाले, "मामा अंथरुणाला खिळले तेव्हा मला बोलले. तुमच्या आईनं अर्ज दिला तेव्हा त्यांनी दोनदा परत केला होता. बाई, तिथे थंडी आहे, वय बघा, म्हणाले. तिसऱ्यांदा तुमच्या आईनं खरं कारण सांगितलं आणि कुणाला कळू देणार नाही असं वचन घेतलं. मामांनी ते पाळलं. अर्जाचं अक्षर धाकटीचं होतं, फार सुरेख होतं, असं म्हणायचे."

मी विचारलं, "तुम्ही ताईला का नाही सांगितलं?"

"मला कळलं तेव्हा तुमच्या ताईंचा थोरला शाळेत जात होता," म्हणाले. "मांडलेल्या संसारात दगड कशाला टाकायचा?"

"आणि माझ्यावर राग?"

"होता की. दहा-बारा वर्षं होता. मग बदलीत कुठेतरी हरवला." पार्सलमध्ये सामान हरवतं तसं, असं म्हणून हसले. मी नाही हसू शकले.

दारातल्या फोटोखालचा कागद अजून कोराच होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही ओळखता आईला, तुम्हीच लिहा. ते म्हणाले, "छे. तो कागद तुमचा आहे."

काल दुपारी घड्याळजींना न सांगता एकटी गेले. दोरीची पेन्सिल घेतली. लिहिलं, 'बादली ओढणारी बाई ही माझी आई. या हॉलची फरशी तिनं नऊ वर्षं पुसली. भिंतीकडे बघणारी मुलगी मी.' अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की कुणाचं ते मलाच ओळखू येईना. मग तिथून निघून जावं म्हटलं, तर पाय निघेना. बाकावर बसून राहिले.

एवढ्यात एक बाई आली. आताच्या हॉलची सफाईवाली, जेवणाच्या सुट्टीत आलेली, हातमोजे कमरेला खोचलेले. कागद तिनं एकेक शब्द जुळवत मोठ्यानं वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"ही तुम्ही?"

"हो."

"मग तिकडे काय बघताय, भिंतीकडे?"

मी म्हटलं, "काही नाही. मला आईची लाज वाटत होती."

ताई, इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं, आणि तेही एका परक्या बाईपुढे. ती काही दचकली नाही. फोटोकडे बघत म्हणाली, "माझी पोरगी पण लांबून जाते. कॉम्प्युटर शिकतेय."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"मीच सांगते तिला, तिकडून जा म्हणून. मैत्रिणी असतात ना बरोबर." मग हातमोजे चढवता चढवता थांबली. "पण एखाद्या दिवशी तिनं माझं ऐकलं नाही, तर मला बरं वाटेल."

ती गेली. मी तिथेच बसून रडले. संग्रहालयातल्या मुलीनं पाणी आणून दिलं, आणि शहाणी पोर, तिनं काही विचारलं नाही.

तुझं लग्न मी मोडलं. मुकादमांच्या माथ्यावर बोल मी राहू दिला. आईच्या हातांचं तर काय लिहू? क्षमा कर असं लिहायला पेन उचललं आणि चार वेळा खाली ठेवलं, कारण तू क्षमा करशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मग मी पुन्हा सुटेन. बाबा गेल्यावर तू शाळा सोडलीस ती माझ्यासाठी. माझं कॉलेज झालं ते तुमच्या दोघींच्या हातांवर. तेव्हा या वेळी घाई करू नकोस. हवं तेवढं रागव. उत्तर आलं नाही तरी मी समजेन.

तुझीच
धाकटी

२ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र आलं तेव्हा गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, भांडं करपलं, सून धावत आली. मी तिला म्हटलं, माझ्या बहिणीला विचार. बिचारीला काही कळलं नाही.

आठ दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मुलगा डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागला. त्याला काय सांगू, की म्हातारपणी आई धाकट्या बहिणीवर रुसली आहे? तू लिहितेस, हवं तेवढं रागव. तुझ्या परवानगीची वाट बघत नव्हते मी. खूप रागावले. जो घालून तू कॉलेजात गेलीस तो स्वेटर उसवून टाकावा असं वाटलं, आणि तो आता या जगात नाही म्हणून आणखी राग आला.

सगळ्यात जास्त राग लग्नाचा नाही आला, हे तुला सांगून ठेवते. तुझे भावोजी अबोल माणूस, पण एकतीस वर्षांत माझ्या ताटातला घास त्यांनी कधी गार होऊ दिला नाही. माझा संसार तुझ्या चुकीतून उगवला असं मी कुणाला म्हणू देणार नाही, तुलासुद्धा नाही. तो माझा होता, मी केला. तेव्हा 'तुझं लग्न मी मोडलं' हे परत लिहिलंस तर कागद फाडून परत पाठवीन.

जीव जळतो तो मुकादमांसाठी. माझा आवाज आठवतो मला. एक हमाल हातगाडी सोडून बघत राहिला होता. मी बोलून दमले तेव्हा ते म्हणाले होते, "झालं पोरी? आता घरी जा, ऊन आहे." मला वाटलं, मनात चोर आहे म्हणून नजर खाली. आणि तो माणूस माझ्याच आईला दिलेला शब्द पाळत उभा होता. मेलेल्या माणसाची माफी मागायची तरी कुणाकडे? त्यांच्या भाच्याकडे मागते. काल मुलाला पहिल्यांदाच सांगितलं की पार्सल ऑफिसात एक गृहस्थ होते. तो इतका हसला की मीही हसले.

आता एक तुला ठाऊक नाही ते. आई शेवटची तीन वर्षं माझ्याकडे होती. हात चालत नव्हते, पण तोंड चालायचं, जुनं जुनं सांगत बसायची. एकदा मी तिला भरवत असताना म्हणाली, "एकदा धाकटी आमच्या हॉलमधून गेली होती गं. चौघीजणी होत्या. चौघींत उंच तीच. वह्या अशा धरल्या होत्या, चालणं कसं ताठ. मला वाटलं, ही माझी." मी विचारलं, मग हाक नाही मारलीस? तर म्हणाली, "छे. ओल्या फरशीवर हाक मारली की माणूस घसरतं."

मला वाटलं म्हातारी गंमत करतेय. मी हसले आणि पुढचा घास दिला. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. म्हणजे गप्प मीही राहिले, फक्त मला ते माहीत नव्हतं. तिला वाईट वाटलं नसेल असं मी म्हणत नाही. वाटलंच असणार, नाहीतर यार्डात कशाला गेली असती? पण तिनं त्यातलं आमच्या घरी आणलं ते एवढंच, की चौघींत उंच तू होतीस. ते तुझं आहे, म्हणून पाठवतेय.

प्रदर्शन महिनाअखेरीला संपलं असणार. त्या संग्रहालयातल्या मुलीला सांग, दप्तरात टाकलेला फोटो पुन्हा काढून ठेव, मोठी बहीण बघायला येतेय, आणि त्या कागदावर मुकादमांबद्दलही दोन ओळी लिहायच्या आहेत. त्या मी लिहीन. अक्षर तुझ्याइतकं बरं नाही माझं, पण वाचता येतं.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं निघते. कंबर धरेल, धरू दे. एक पिशवी कपड्यांची, दुसरी सुनेनं दिलेल्या खाऊची, आणि राग उरलाय तो हातातच घेतलाय, पिशवीत मावला नाही. उतरवून घ्यायला ये. मैत्रिणी बरोबर असल्या तरी ये.

रागावलेली, आणि तरी तुझीच,
ताई